बेसवाल्याची खुर्ची

१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. कधी दुखतं, किती वेळ उभं राहिल्यावर दुखतं, दहापैकी किती, सगळं त्या त्या दिवशी लिहायचं. उजव्या खुब्याचा सांधा झिजलाय. आज ना उद्या बदलावा लागेल, तोवर अर्ध्या तासाच्या वर सलग उभं राहायचं नाही म्हणाले. मी मान डोलावली. हॉटेलात दर शनिवार-रविवार चार ते सात आपण बँडमध्ये उभे असतो, हे त्यांना सांगितलं नाही.

आज : साडेचारला ३. साडेपाचला ६. शेवटच्या गाण्याला ८.

दुकानात प्रश्न येत नाही. फ्रेमच्या पट्ट्या कापायच्या, काच बसवायची, मागून खिळे ठोकायचे, सगळं उंच स्टुलावर टेकून होतं. गिऱ्हाईक फोटोकडे बघतं, माझ्याकडे नाही. पण बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्यानं बसायचं म्हणजे काय? ज्यांच्याकडे शिकलो ते म्हणायचे, बसलेला बेसवाला म्हणजे लग्नात जेवायला आलेला पाहुणा. उभा राहिला की तो घरचा. एकोणीस वर्षं मी घरचा आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

हिचा फोन. बुधवारी असतोच, साडेआठला, मुलीकडची जेवणं झाली की. नातवाला गोवर आला होता, आता बरा आहे. मी खुब्याचं बोललो नाही, तिथून ती काय करणार. तिला तिथे जाऊन आता तिसरं वर्ष. बाळंतपणाला गेली, मग पोर लहान म्हणून राहिली, आता तो शाळेत जातो म्हणून. परीक्षा झाल्या की येईल. बालवाडीला परीक्षा असते का, विचारायचं राहिलं.

दिवसभर ४.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणजे आमच्या चौघांचे म्होरके, कीबोर्ड तेच वाजवतात, हॉटेलच्या मॅनेजरशी बोलणंही त्यांचंच. हॉटेलच्या चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत आम्ही कपडे बदलतो, तिथेच विषय काढला. खुब्याचं सांगितलं नाही. म्हटलं, बसून वाजवलं तर डाव्या हाताला आराम पडतो, मोठमोठे लोक बसून वाजवतात.

मास्तर म्हणाले, मोठ्या लोकांचं वेगळं. आपल्यातलं कोणी बसलं की नाचणाऱ्यांना वाटतं बँड दमला, मग तेही चहाच्या टेबलांकडे वळतात. गाणाऱ्या ताई म्हणाल्या, मला काय, माझ्या मागे कोण बसलंय मला दिसत पण नाही. मग मास्तरांनी ड्रमवाल्याला विचारलं, तुझं मत काय. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण एवढ्या वर्षांत त्याची लय कधी पुढेमागे झालेली नाही. तो झांजेचा स्क्रू पिळत होता. मान वर करून म्हणाला, "हो, पाच मिनिटांत झालं."

ताई आणि मास्तर पोट धरून हसले. मला राग आला. माझं कंबरडं मोडतंय आणि याला विनोद सुचतायत.

७, मग ९.

९ फेब्रुवारी, रविवार

मी बसलो. कोणाला न विचारता. जेवणाच्या हॉलमधली बिनहाताची खुर्ची आणली आणि माझ्या जागी ठेवली, घड्याळाच्या समोर, त्याच्याकडे पाठ करून. मास्तरांनी बघितलं पण हॉल भरला होता, काही बोलता येईना.

खरं सांगायचं तर पहिली दोन गाणी इतकी बरी वाटली की डोळे मिटले. बेस मांडीवर बसतो, पट्ट्याचा भार खांद्यावर येत नाही, डावा हात मोकळा होतो.

तिसऱ्या गाण्यापासून घड्याळ बिघडलं. आधी वाटलं मीच मागे पडतोय. मग कळलं, तो पळतोय. मी त्याला पकडायला जावं तर तो थांबायचा. नाचणारी जोडपी एकमेकांच्या पायांवर पाय देऊ लागली. मध्यंतरानंतर एका संथ गाण्यात आम्ही तिघं थांबलो आणि तो एकटाच आणखी दोन फेऱ्या वाजवत राहिला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये नुसता ड्रम. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी टाळी वाजवली, त्यांना वाटलं ती खास चीज आहे.

कार्यक्रम संपताच तो काठ्या पिशवीत टाकून एकटाच निघून गेला.

खुबा ३. आनंद व्हायला पाहिजे होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुकानात दिवसभर तेच डोक्यात. त्यानं मुद्दाम केलं. एकोणीस वर्षं बँडमध्ये बसायचा मान त्याचा एकट्याचा, आता मी बसलो तर नाकाला मिरच्या झोंबल्या. हे लिहून बघितल्यावर मूर्खासारखं वाटतंय, पण दुसरं कारण तरी काय? मी त्याचं काय वाकडं केलंय? आमच्यात भांडण होण्याएवढं बोलणंच कधी झालेलं नाही. मागच्या वर्षी त्याची आई गेली तेव्हा मी गेलो होतो, दहा मिनिटं बसलो, त्यानं चहा विचारला, मी नको म्हटलं. तेवढंच.

एका लग्नाच्या फोटोची पट्टी आखूड कापली. वाया गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांनी खुर्ची उचलून ठेवायला लावली. उभा राहिलो. घड्याळ एकदम ठीक, जसं काही झालंच नव्हतं. मास्तर म्हणाले, बघ, बसलं की बेसमधली ताकद जाते, मग ड्रमवाल्याला आधार राहत नाही.

९. घरी येताना दोनदा भिंतीला टेकलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

हट्टाला पेटून आज मध्यंतरापर्यंत बसलो, नंतर उभा राहिलो. बसलो तेव्हा बोजवारा. उभा राहिलो तेव्हा चोख. आता ताईसुद्धा म्हणायला लागल्या की दादा, तुम्ही उभेच राहा बाई. माझ्या बुडाचा आणि त्याच्या हातांचा काय संबंध, हे मला कोणी समजावून सांगेल तर मी त्याला एक फ्रेम फुकट करून देईन.

आणखी एक. हल्ली तो माझा अँप, म्हणजे बेसचा स्पीकर, ओढून स्वतःच्या स्टुलाला चिकटवून ठेवतो. विचारलं तर म्हणे वायर पायात येते. माझ्या नाही आली कधी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हिला सगळं सांगितलं, खुबा सोडून. म्हटलं, घड्याळ मला पाण्यात बघतो.

ही म्हणाली, "त्याला विचारलंत का, काय होतंय म्हणून?"

मी म्हटलं, त्यानं आपणहून सांगायला नको?

"तुम्ही कोणालाच विचारत नाही," ही म्हणाली. मग नातू पडला, त्याचा पुढचा दात हलतोय ते सांगायला लागली. एका विषयावरून दुसऱ्यावर कशी उडी मारते कळत नाही. दाताचं बराच वेळ चाललं होतं, मी टीव्हीचा आवाज बंद करून हूं हूं म्हणत होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुकान लवकर बंद करून त्याच्याकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला लिहू.

तो रोपवाटिकेत काम करतो, शनिवार-रविवार सुट्टी, इतर दिवशी चारला सुटतो. तळमजल्यावर दोन खोल्या. बेल वाजवली. आतून ड्रमच्या रबरी गादीवर काठ्यांचा आवाज येत होता. पुन्हा वाजवली. हाक मारली. काठ्या थांबेनात. म्हटलं, बघा, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. दार नुसतं लोटलेलं होतं, सरळ आत गेलो.

तो माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसला होता. टीव्ही चालू होता, बातम्यांचा, पण आवाज पूर्ण बंद आणि खाली अक्षरं सरकत होती. मी त्याचं नाव घेतलं, मोठ्यानं. चार हातांवरून. तो वाजवत राहिला. मी आणखी एक पाऊल टाकलं तशी लाकडी फळी हलली, आणि तो असा दचकून वळला की एक काठी हातातून उडाली.

मग हसला, ये ये म्हणाला, चहा टाकला. ओट्याशी उभा राहूनही सारखा वळून माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या मनात जे आलं ते करायला नको होतं. पण केलं. कप घेताना मी हात तोंडापुढे धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "घराला आग लागलीये."

"हो," तो म्हणाला, "साखर कमीच घातलीये."

मी हात खाली घेतला. त्याला कळलं. कप ठेवायला जागा शोधत राहिला, टेबल समोर असताना.

मी विचारलं, "कधीपासून?"

"डावा तीन वर्षांपूर्वी गेला. उजव्यात थोडं आहे, तेही माणसाचं बोलणं नाही. भांडं पडलं तर कळतं."

"मग वाजवतोस कसा?"

"तुझी टाच बघून," तो म्हणाला. "उजवी. तू आपटत नाहीस, उचलतोस. ठोक्याच्या किंचित आधी. आणि अँप जवळ असला की तुझा बेस पाठीत लागतो. पण गाणं कुठे थांबतं ते पाठीला कळत नाही, टाचेला कळतं. तू बसलास की पाय पुढे जातात, खुर्चीआड."

कोणाला सांगू नकोस, असं तो म्हणाला नाही. मी विचारलं, कानाचं यंत्र का लावत नाहीस. म्हणाला, ते दिसतं ना. बहिरा ड्रमवाला कोण ठेवेल.

खुब्याचं मी त्याला सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. त्याला 'खुबा' शब्द ओठांवरून कळेना, शेवटी उठून बोट ठेवून दाखवावं लागलं.

आकडा लिहायचा राहिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज उभा राहिलो. तीन-तीन तास. डॉक्टरांना दाखवायला दुसरी वही केली, तिच्यात ४ आणि ५ लिहिले. या वहीत खरं लिहितो : ९, ९.

टाच उचलताना आता लाज वाटते. कोणी बघतंय हे माहीत नव्हतं तेव्हा बरी उचलली जायची.

२ मार्च, रविवार

९. घरी आल्यावर बूट काढता आला नाही. बूट घालूनच झोपलो. दुसरं कोणी घरात असतं तर म्हणालं असतं, अहो काढून देते. मुलीकडे सगळे कसे जोडीनं असतात.

९ मार्च, रविवार

पडलो. अगदी धाडकन नाही. पाचव्या गाण्यात उजवा पाय आहे तिथे नाहीच असं झालं, मी माइकचा स्टँड धरला, स्टँड माझ्यासकट गेला. ताईंनी गाणं सोडलं नाही, कमाल आहे त्यांची. मी खाली पडल्या पडल्या पहिलं काय केलं तर घड्याळाकडे बघितलं. त्यानं दोन्ही काठ्या वर धरून ठेवल्या होत्या आणि त्याला काय करावं ते कळत नव्हतं.

मास्तरांना खुब्याचं सांगावं लागलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, मग आधी का नाही बोललास? हाताला आराम हवा म्हणून तू नाटकं करतोयस असं समजलो मी.



११ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी खोटी वही दोन मिनिटं चाळली आणि बाजूला ठेवली. एक्स-रे वेगळं सांगतोय म्हणाले. ऑपरेशन दोन एप्रिलला. पुढे तीन महिने बँड बंद. तोवर उभं राहायचं नाही म्हणजे नाही.

१५ मार्च, शनिवार

मी मास्तरांना म्हटलं, बसणारच, पण तिरका. हॉलकडे खांदा, घड्याळाकडे तोंड. मास्तर म्हणाले, लोकांकडे खांदा? रुसलेल्या जावयासारखा दिसशील. मी म्हटलं, दिसू दे. नाहीतर आजपासूनच दुसरा बघा. एकोणीस वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. त्यांनी खुर्ची आणायला सांगितली. कारण मी सांगितलं नाही, ते माझं नव्हतं.

उजवा पाय पुढे काढून ठेवला, त्याला दिसेल असा. तीन तास एक ठोका चुकला नाही.

इतकी वर्षं तो माझ्या पाठीमागे होता. वाजवताना तो कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. अवघड जागा आली की जीभ दाताखाली धरतो. संथ गाण्यात ओठांनी मोजतो, लहान पोरं मोजतात तसं. आणि नजर एक क्षण माझ्या पायावरून हलत नाही. तीन वर्षं कोणीतरी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बघत होतं आणि मी मात्र रोज एकटा घरी जात होतो.

खुबा २.

२३ मार्च, रविवार

माझ्या जागी येणाऱ्यानं आज ऐकायला हजेरी लावली. तरुण आहे, हात चांगला आहे म्हणतात. वाजवताना नाचतो. घड्याळानं विचारलं, पाय कसे हलतात त्याचे? मी म्हटलं, सगळे हलतात. तो हसला, पण फार नाही.

३० मार्च, रविवार

आजचा शेवटचा कार्यक्रम. संपल्यावर चादरींच्या खोलीत सगळे असताना घड्याळानं स्वतःच सांगून टाकलं. उभा राहून, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलासारखा. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं. मी याच्या पायावर वाजवत होतो, आता हा नाही.

ताई खाली बसल्या, टॉवेलांच्या गठ्ठ्यावर. त्यांना रडू आलं, त्यांच्या मागे काय चाललं होतं ते त्यांनी कधी वळून बघितलं नाही म्हणून असेल. मास्तर वाईट माणूस नाहीत. म्हणाले, विचार करायला वेळ दे. मग त्यांच्या लक्षात आलं की ते जमिनीकडे बघून बोलतायत, तेव्हा मान वर करून पुन्हा तेच म्हणाले, सावकाश.

१ एप्रिल, मंगळवार

मास्तरांनी कळवलं. तीन महिने कीबोर्डमधलाच ताल लावणार, पुढचं पुढे. घड्याळाला चिठ्ठी पाठवली, म्हणजे फोनवर मेसेज. मी त्याच्याकडे गेलो. तो कुंड्यांत माती भरत होता. म्हणाला, आता लपवायचं काही उरलं नाही, यंत्राचं माप द्यायला सोमवारी जाणार आहे. त्यानं ड्रम परत ऐकू येतील का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

मी म्हटलं, मी उभाच राहिलो असतो तर. तो म्हणाला, "तर तू पडला असतास. पडलासच की." आणि कुंडी पुढे सरकवली.

हिचा फोन उद्या असतो, पण उद्या मी ऑपरेशनला, म्हणून मीच आज लावला. सांगून टाकलं. फोनवर काही ऐकू येईना, मला वाटलं कट झाला. मग ही म्हणाली, "मी येऊ?"

मी म्हटलं, छे, कशाला, नातवाची शाळा.

"शाळेला सुट्टी लागली," ही म्हणाली.

म्हटलं, तरी. इथे सगळं आहे. तू नको दगदग करू.

"बरं," म्हणाली. "काळजी घ्या." आवाज थकलेला वाटला, तिला कामं असतील.

संध्याकाळी हॉस्पिटलात भरती झालो. फॉर्मवर एक रकाना : जवळची व्यक्ती, फोन नंबर. इतर सगळं भरून झालं, तो राहिला. नर्स उभी होती. मुलगी लांब, ही लांब. शेवटी घड्याळाचा नंबर लिहिला. ती फॉर्म घेऊन गेल्यावर लक्षात आलं की मी फोन ऐकू न येणाऱ्या माणसाचा नंबर दिलाय.

४ एप्रिल, शुक्रवार

आज वही हातात धरवतेय. सांधा नवा बसलाय. दुखतंय, पण हे दुखणं वेगळं, पुढे जाणारं आहे असं म्हणतात. ५.

परवाचं नर्सनं सांगितलं ते लिहून ठेवतो. मला आत नेल्यावर एक सही राहिली असं त्यांच्या लक्षात आलं. फॉर्मवरच्या नंबरवर फोन लावला. उचलेना. परत लावला. नऊ वेळा लावला. नर्स चिडली, म्हणाली कसले हे नातेवाईक. आणि इकडे ऑपरेशनच्या दारासमोरच्या बाकावर एका माणसाच्या खिशात फोन वाजतोय, नऊ वेळा, अख्खा कॉरिडॉर त्याच्याकडे बघतोय आणि तो मात्र दाराकडे तोंड करून शांत बसलाय. शेवटी झाडूवाल्या मावशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो सकाळी सहापासून बसला होता. मी त्याला विचारलं, इतक्या लवकर कशाला आलास. तर म्हणाला, "फोन आला तर कळणार नाही. दार उघडलं तर दिसेल."

आजही दुपारी आला. बिछान्याजवळच्या खुर्चीवर बसला. मला काय वाटलं कुणास ठाऊक, बुधवार नव्हता, साडेआठही वाजले नव्हते, तरी हिला फोन लावला. ऑपरेशन नीट झालं ते तिला मुलीकडून कळलेलं होतं. मी म्हटलं, त्यासाठी नाही केला. एक विचारायचंय.

"विचारा."

"तुला परत यायचंय का?"

मी हूं हूं म्हटलं नाही. फोन कानाशी धरून ठेवला. तिकडे पोराच्या खेळण्याचा आवाज येत होता, मग दार लावल्याचा.

"नाही," ही म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तीन वर्षं वाट बघत होते, कधी विचाराल याची."

मग ती बोलत राहिली. तास दीड तास. इतक्या वर्षांतलं काय काय, त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. घड्याळ समोरच बसला होता, खिडकीतून बाहेर बघत. त्याला बाहेर जा म्हणायची गरज पडली नाही.